कोळशातला गंधक : जाळण्याआधी

बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात बनणारी डिझेल तीनचाकी आता बीएस-६ मानकाची आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळते, त्यात किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गंधक चालत नाही. आता याच तालुक्यात एखाद्या बॉयलरच्या दारात उतरलेला दगडी कोळसा घ्या. त्यात अर्धा टक्का गंधक धरला, आणि आपल्याकडच्या कोळशाला हा आकडा रास्त आहे, तर किलोमागे ५,००० मिलिग्रॅम होतात. म्हणजे डिझेलच्या पाचशेपट. एकाच हवेत दोन्ही जळतात. एकातला गंधक इंधन पंपावर येण्याआधीच काढलेला असतो, दुसऱ्यातला चिमणीतून जातो.

मग जे डिझेलला जमले ते कोळशाला का जमत नाही? पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकीच्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. बॉयलर अटेंडंटची परीक्षा देणारेही तो विचारतात, आणि त्याचे उत्तर देण्याची टाळाटाळ होते असा माझा अनुभव आहे. ‘परवडत नाही’ एवढे बोलून विषय संपवतात. का परवडत नाही, काय काय करून पाहिले गेले, कुठे अडले, हे मराठीत सलगपणे कुणी मांडलेले मला सापडले नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत वाफेवर चालणारे एवढे कारखाने असताना ही उणीव मला टोचत होती. ही पुस्तिका त्यासाठी आहे.

गंधक आपल्या भागाला परका नाही. द्राक्षावर भुरी दिसली की इंदापूरचा बागायतदार गंधकाची फवारणी घेतो. साखर कारखान्यांत तर गंधक मुद्दाम जाळतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा असा कारखान्यांचा हा पट्टा. पांढरी साखर करण्याची आपल्याकडची रूढ पद्धत दुहेरी सल्फिटेशनची. बर्नरमध्ये गंधक पेटवायचा, निघणारा सल्फर डायऑक्साइड चुन्याबरोबर रसात सोडायचा, रंग उतरवायचा. टनभर उसामागे साधारण अर्धा किलो गंधक लागतो. रोज ५,००० टन गाळप असेल तर दिवसाला अडीच टन. अर्धा टक्का गंधकाचा कोळसा ५०० टन जाळला तर नेमका एवढाच गंधक हवेत जातो. फरक असा की रसातला वायू बहुतांशी चुन्याशी बांधला जाऊन गाळात बसतो. बॉयलरच्या चिमणीत त्याला अडवणारे सहसा काही नसते. आणि आज बाजारात मिळणारा बहुतेक गंधक खाणीतला नसून तेलशुद्धीकरणात आणि नैसर्गिक वायू साफ करताना निघालेला आहे. एका इंधनातून काढलेला गंधक दुसऱ्या उद्योगाचा कच्चा माल होतो. कोळशाच्या बाबतीत हे का घडले नाही, ते समजायला आधी कोळशात गंधक कुठे बसलेला असतो ते पाहावे लागते.

तो तीन रूपांत असतो. पहिले रूप पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज. कोळशाचा ढेकूळ फोडला की कधी कधी पितळी चमक दिसते, ती याची. दुसरे सल्फेट. ताज्या कोळशात ते नगण्य असते, उघड्यावर पडलेल्या कोळशात वाढते. तिसरे सेंद्रिय गंधक. हे खनिज नाही. कोळशाच्या कार्बनी सांगाड्यातच गंधकाचा अणू गुंफलेला असतो, बऱ्याचदा थायोफिनसारख्या कड्यांमध्ये. पायराइट म्हणजे तांदळातले खडे, ते निवडता येतात. सेंद्रिय गंधक म्हणजे शिजलेल्या भातात मुरलेले मीठ. पायराइटची घनता पाचाच्या आसपास आणि कोळशाची दीडच्या आत असल्याने कोळसा दळून पाण्यात धुतला तरी त्याचा मोठा भाग खाली बसतो. त्याला कोणतेही महागडे रसायन लागत नाही. मात्र पायराइटचे कण काही मायक्रॉनचे असले, तर ते कोळशाच्या कणाच्या पोटात दडून राहतात आणि धुण्याला दाद देत नाहीत. रसायनाचा विचार सुरू होतो तो इथून.

अमेरिकेत १९७० च्या दशकात या विचाराला मोठा जोर आला. हवेच्या शुद्धतेचे कायदे कडक झाले होते, पूर्वेकडचा आणि इलिनॉयचा कोळसा तीन-चार टक्के गंधकाचा होता, आणि तेलाच्या किमती भडकल्यामुळे कोळसा सोडणे शक्य नव्हते. टीआरडब्ल्यू या कंपनीत रॉबर्ट मायर्स यांनी फेरिक सल्फेटच्या द्रावणात कोळसा तापवण्याची पद्धत बसवली. शंभर अंशांच्या थोडे वर हे द्रावण पायराइट खाते. काही गंधक सल्फेट होऊन पाण्यात जातो, काही सुटा गंधक म्हणून कोळशावरच राहतो, आणि तो सॉल्व्हंटने धुऊन किंवा वाफेने काढावा लागतो. वापरलेल्या द्रावणात ऑक्सिजन सोडला की फेरिक सल्फेट पुन्हा तयार. कॅलिफोर्नियात सॅन हुआन कॅपिस्ट्रानो इथे त्याचे प्रायोगिक संयंत्र चालले. पायराइटचा नव्वद टक्क्यांहून जास्त गंधक निघत असे. सेंद्रिय गंधक मात्र जिथल्या तिथे. मायर्स यांनी १९७७ मध्ये या विषयावर जे पुस्तक लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे, कारण त्यात यशाबरोबर हिशेबही मांडलेला आहे.

त्याच कंपनीची पुढची पद्धत वितळलेल्या कॉस्टिकची. कॉस्टिक सोडा आणि कॉस्टिक पोटॅश साडेतीनशे-चारशे अंशांना वितळवून त्यात कोळसा टाकायचा. यात पायराइट जातो, सेंद्रिय गंधकही बराच जातो, शिवाय राखही उतरते. कागदावर याहून चांगले काही नाही. पण कोळशाला चिकटलेला अल्कली पाण्याने आणि आम्लाने धुवायचा, ते पाणी आटवायचे, अल्कली परत मिळवायचा, भांडी गंजू द्यायची नाहीत, या सगळ्याचा खर्च कोळशाच्या किमतीला जुमानत नाही.

आता खऱ्या अर्थाने सॉल्व्हंटची गोष्ट. परक्लोरोएथिलीन हा ड्रायक्लीनिंगवाल्यांचा सॉल्व्हंट. तो १२१ अंशांना उकळतो आणि गंधक चांगला विरघळवतो. त्यात कोळसा उकळला की सेंद्रिय गंधकाचा मोठा भाग निघतो असे दावे १९८० च्या दशकात झाले. साधे उपकरण, सौम्य तापमान, सॉल्व्हंट परत मिळवणे सोपे. त्यामुळे आशा मोठी होती. इलिनॉयच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या संशोधकांनी मग एक सुरेख तपास केला. गंधकाच्या समस्थानिकांचे प्रमाण पायराइटमध्ये वेगळे आणि सेंद्रिय गंधकात वेगळे असते. सॉल्व्हंटमध्ये उतरलेल्या गंधकाचे प्रमाण त्यांनी मोजले, तर ते पायराइटशी जुळले. खाणीतून काढल्यावर कोळसा हवेत पडून राहिला की पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन त्यातला थोडा गंधक सुटा होतो. सॉल्व्हंट तेवढाच उचलत होता. ताजा कोळसा नायट्रोजनखाली जपून ठेवला तर त्यात असा सुटा गंधक जवळजवळ सापडत नाही. सांगाड्यातला गंधक जागचा हलला नव्हता. आधी आणि नंतर फक्त एकूण गंधक मोजला, तर हा घोटाळा कधीच लक्षात येत नाही. या पुस्तिकेतले कोणते एक प्रकरण मुलांनी दोनदा वाचावे असे कुणी विचारले, तर मी याच प्रकरणाकडे बोट दाखवीन.

सांगाड्यातला गंधक काढायचा तर बंध तोडावे लागतात, आणि त्यासाठी डिझेलमधला गंधक काढताना लागतो तसाच हायड्रोजन लागतो. सॉल्व्हंट रिफाइंड कोल या नावाने अमेरिकेने तेही केले. कोळशाची पूड कोळशापासूनच मिळवलेल्या तेलात कालवायची, चारशे अंशांच्या वर तापमान आणि शंभराहून जास्त बार दाब, वरून हायड्रोजन. कोळसा विरघळतो, राख आणि पायराइट गाळून निघतात, सेंद्रिय गंधकाचा काही भाग हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो. वॉशिंग्टन राज्यात फोर्ट लुईसला दिवसाला ५० टनांचे आणि अलाबामात विल्सनव्हिलला ६ टनांचे संयंत्र चालले. हाती येणारा पदार्थ काळा, चकचकीत, जवळजवळ राख नसलेला. हजारो टनांचे कारखाने आखले गेले होते. पुढे तेलाचे भाव उतरले आणि सरकारने हात आखडता घेतला, तसे ते गुंडाळले गेले.

डिझेल आणि कोळसा यांतला भेद इथे उघड होतो. डिझेल द्रव आहे. ते उत्प्रेरकाच्या थरातून वाहते आणि हायड्रोजन प्रत्येक रेणूपर्यंत पोचतो. कोळसा घन आहे, त्यात राख आहे, आणि राखेतली खनिजे उत्प्रेरकाला मारतात. त्याला आधी द्रव करावे लागते. एकदा द्रव केल्यावर त्याला बॉयलरखाली जाळण्यात अर्थ उरत नाही, त्याचे तेलच करावे असे वाटू लागते.

सौम्य सॉल्व्हंटचा मार्गही आहे. एन-मिथाइल पायरोलिडोन, ज्याला सगळे एनएमपी म्हणतात, आणि कार्बन डायसल्फाइड यांचे मिश्रण जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात मासाशी इइनो यांच्या गटाने वापरले. काही बिट्युमिनस कोळसे साध्या खोलीच्या तापमानालाही त्यात निम्म्याच्या आसपास विरघळले. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत एनएमपी आणि एथिलीन डायअमाइन यांच्या मदतीने भारतीय कोळशावर काम झाले, टाटा स्टीलनेही त्या वाटेने पुढे काम केले. त्यांचा रोख गंधकावर नव्हता, राखेवर होता. पोलादासाठी कमी राखेचा कोळसा लागतो आणि आपला कोळसा राखेने भरलेला. मला हा रोख योग्य वाटतो.

खर्चाचा हिशेब मी जाणूनबुजून पुस्तिकेच्या मध्यावर ठेवला आहे, शेवटी नाही. एक टन कोळशाला चार टन सॉल्व्हंट धरा. वापरलेल्या सॉल्व्हंटपैकी ९९ टक्के परत मिळाला, म्हणजे संयंत्र उत्तम चालले, तरी ४० किलो कोळशाच्या छिद्रांत अडकून गेला. सॉल्व्हंट किलोला शंभर रुपये धरला तर टनामागे चार हजार रुपये केवळ या एका टक्क्यात गेले. एवढ्यात कोळशाच्या किमतीचा मोठा हिस्सा निघतो. अजून वाफ, मजुरी, यंत्रे, सांडपाणी धरलेलेच नाही. शिवाय एनएमपी गर्भाला अपायकारक, परक्लोरोएथिलीन कर्करोगाच्या संशयितांत, कार्बन डायसल्फाइड ठिणगीला भुकेला. दहा टनांच्या बॉयलरवर तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांच्या जवळ हे द्रव आणण्याआधी शंभरदा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

आणि आपल्या कोळशाला त्याची गरज किती? बारामतीला येणारा देशी कोळसा मुख्यतः वेस्टर्न कोलफील्ड्सच्या चंद्रपूर, वणी, उमरेड भागातला. हा गोंडवनी कोळसा. गंधक सहसा एका टक्क्याच्या आत, राख तीस-चाळीस टक्के. याच्या अगदी उलट आसाम आणि मेघालयाचा. राख थोडी, उष्मांक भरपूर, आणि गंधक दोनपासून सात-आठ टक्क्यांपर्यंत, त्यातला बहुतेक सेंद्रिय. जोरहाटच्या प्रयोगशाळेत, जिला आज सीएसआयआर-नीस्ट म्हणतात, या कोळशाचा गंधक काढण्यावर वर्षानुवर्षे काम चालले आहे. भारतात या विषयाचे खरे घर तेच. आपल्या औद्योगिक वसाहतींत जास्त गंधक येतो तो दगडी कोळशातून नव्हे, पेट कोकमधून आणि फर्नेस ऑइलमधून. पेट कोकमध्ये सात टक्क्यांपर्यंत गंधक असू शकतो. तेल शुद्ध करताना जो गंधक हलक्या भागातून काढता येतो तो काढतात, जो जड गाळात राहतो तो पेट कोक म्हणून विकला जातो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीलगतच्या राज्यांत पेट कोक आणि फर्नेस ऑइल यांच्या औद्योगिक वापरावर बंदी आणली ती याच कारणाने.

चिमणीचे गणित करून पाहा. नियमात एक सूत्र आहे: दर तासाला जितके किलो सल्फर डायऑक्साइड निघते त्याचा ०.३ घात घ्या, १४ ने गुणा, तेवढे मीटर चिमणी उंच. तासाला एक टन कोळसा, अर्धा टक्का गंधक, तर १० किलो वायू आणि २८ मीटर उंची. प्रत्यक्षात किमान ३० मीटर लागतात. तेवढ्याच वजनाच्या इंधनात चार टक्के गंधक असेल तर ८० किलो वायू आणि ५२ मीटर. आठपट वायू, उंची दुप्पटही नाही. उंचीने गंधक कमी होत नाही, दूर पडतो. हवेत राहून त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, ते शेजारच्या जिल्ह्यात जाऊन श्वासात उतरतात. केंद्राने ७ डिसेंबर २०१५ ला औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. ती पाळण्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतांश केंद्रांना चिमणीतला वायू धुणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, हे त्यामागचे एक कारण. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या भागात सल्फेटचे कण मोजलेले नाहीत, म्हणून मला ही सूट पटत नाही. बहुतांश वीज केंद्रांवर सक्ती उरली नाही, तर जाळण्याआधी इंधनात काय आहे हे पाहण्याची जबाबदारी आणखी वाढते, आणि ती लहान बॉयलरच्या मालकालाही लागू आहे.

त्यात मालकाचा स्वार्थही आहे. एअर प्रीहीटर उघडला की थंड टोकाकडच्या नळ्या आधी गेलेल्या दिसतात. पापुद्रे सुटलेले, हाताने दाबले तर मोडतील अशा, त्यावर ओलसर चिकट राखेचा थर. धुरातला थोडा सल्फर डायऑक्साइड पुढे ट्रायऑक्साइड होतो, वाफेशी मिळून गंधकाम्ल होते, आणि धातूचे तापमान सव्वाशे-दीडशे अंशांच्या खाली गेले की ते तिथे दवासारखे धरते. गंधक जितका जास्त, तितका धूर जास्त गरम सोडावा लागतो. म्हणजे कोळशातला गंधक कोळशाचेच बिल वाढवतो.

जाळताना गंधक पकडण्याच्या पद्धती पुस्तिकेत थोडक्यात दिल्या आहेत. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये साडेआठशे अंशांच्या आसपास चुनखडी टाकली की गंधक राखेत बांधला जातो. पुण्यात थरमॅक्ससारख्या कंपन्या असे बॉयलर बनवतात. जाळल्यानंतर चुनखडीच्या पाण्याने धूर धुतला तर जिप्सम मिळते, आणि नीरा डाव्या कालव्याखालच्या चोपण जमिनींना जिप्सम किती लागते हे बारामतीकरांना सांगायला नको.

पण आपल्या दोन तालुक्यांत जाळण्याआधी गंधक टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय शेतात उभा आहे. बगॅसमध्ये गंधक नगण्य. शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेटमध्येही थोडाच. कारखान्यांनी हंगामात बगॅस वाचवला तर बिगर-हंगामात तेवढा कोळसा कमी लागतो. डिस्टिलरीच्या आटवलेल्या स्पेंट वॉशवर चालणाऱ्या बॉयलरबद्दल मात्र सावध राहा. त्यात रसातून आणि मळीतून आलेला गंधक असतोच, आणि आधार म्हणून कोळसा जाळला तर दोन्हीकडून भर पडते. हा भाग लिहिताना मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण याची आकडेमोड वसाहतीत सहसा कुणी करत नाही.

वाचणाऱ्यांनी एक काम हातात घ्यावे. कोळशाच्या दाखल्यावर राख, ओलावा आणि उष्मांक लिहिलेले असतात. गंधकाचा रकाना रिकामा असेल तर तो भरून मागा, किंवा स्वतः मोजा. भारतीय मानक १३५० च्या तिसऱ्या भागात एश्काची पद्धत आहे. एक ग्रॅम कोळशाची पूड तीन ग्रॅम मिश्रणात, दोन भाग मॅग्नेशिया आणि एक भाग धुण्याच्या सोड्याचे कोरडे मीठ. मूस भट्टीत हळूहळू आठशे अंशांवर न्यायची, काळे ठिपके संपेपर्यंत. मग गरम पाण्यात उतरवून, गाळून, आम्ल करून, उकळत्या द्रावणात बेरियम क्लोराइड थेंबाथेंबाने. पांढरा साका बसतो. अर्धा टक्का गंधकाच्या कोळशाचा हा साका भाजून जेमतेम ३६ मिलिग्रॅम भरतो, म्हणून तराजू चांगला हवा आणि गाळणकागद बारीक. हे कोणत्याही पदवी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते.

मग रूपे वेगळी करा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळले की सल्फेट निघते, त्याबरोबर पायराइटबाहेरचे लोहही. उरलेल्या कोळशाला सौम्य नायट्रिक आम्ल दिले की पायराइट विरघळतो. त्यातले लोह मोजून १.१५ ने गुणले की पायराइटचा गंधक मिळतो. एकूणातून दोन्ही वजा केले की सेंद्रिय. पायराइट मोठा निघाला तर खाणीजवळच्या धुलाई केंद्रातून धुतलेला कोळसा मागता येईल. सेंद्रिय मोठा निघाला तर इंधन बदलणे हाच मार्ग, सॉल्व्हंटच्या जाहिरातीकडे वळू नये. नमुने दोनदा घ्या. एकदा मे महिन्यात, गाडी रिकामी होताच. एकदा ऑक्टोबरमध्ये, पावसाळाभर भिजलेल्या त्याच ढिगातून, वरून आणि हातभर आतून. दोन्हींतले सल्फेट शेजारी शेजारी लिहा, ढिगाखालून वाहणाऱ्या पाण्याचा सामू मोजा, आणि एखाद्या ढिगातून आपोआप धूर निघाला असेल तर त्यात पायराइट किती होता ते तपासा.